रेगे-स्कातली जमैकन म्हण: आधी नेम बघा, मग अर्थ

प्रश्न असा आहे: रेगे आणि त्याच्या आधीचा वेगवान प्रकार स्का, या जमैकन गाण्यांचे बोल समोर असतात, इंग्रजी बऱ्यापैकी कळतं, तरी मधेच कोंबडी, शेळी, बादली, मरतुकडा कुत्रा असं काहीतरी येतं आणि ओळ हातातून निसटते. यातल्या पारंपरिक म्हणी कोणत्या, त्या ओळखायच्या कशा, आणि मराठीत अर्थ सांगताना किंवा मराठी बोल बसवताना त्यांचं काय करायचं?

जमैकात म्हण बहुतेक वेळा कुणावर तरी फेकलेली असते. तिथे यासाठी शब्दच आहे, ‘थ्रो वर्ड’: नाव न घेता, पण ज्याला लागायचं त्याला बरोबर लागेल अशा बेतानं बोलणं. आपण त्याला ‘लेकी बोले सुने लागे’ म्हणतो. त्यामुळे गाण्यात म्हण सापडली की आधी तिचा नेम कुणावर आहे ते शोधावं. नुसता शब्दार्थ लावत बसलं की प्राणिकथा हाती लागते, गाणं लागत नाही.

सुरुवातीला ‘सिमर डाउन’ घ्यावं, कारण त्यात हे सगळं एकाच ठिकाणी दिसतं. 1963 च्या अखेरीस बॉब मार्लीच्या वेलर्स या गटानं ते राजधानी किंग्स्टनमधल्या ब्रेंटफर्ड रोडवरच्या स्टुडिओ वनमध्ये निर्माता कॉक्सन डॉड याच्यासाठी ध्वनिमुद्रित केलं. साथीला स्कटलाइट्स हे वादक होते, आणि 1964 च्या सुरुवातीला गाणं जमैकात पहिल्या क्रमांकावर गेलं. देश 6 ऑगस्ट 1962 ला स्वतंत्र झाला होता, आणि किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांतली ‘रूड बॉय’ पोरं चाकूसुरे काढू लागली होती. गाणं त्यांना सांगतं, जरा दमानं घ्या. आता हे सांगणारा बॉब मार्ली तेव्हा अठरा वर्षांचा. बरोबरीच्या पोरानं केलेला उपदेश कोण ऐकून घेणार? म्हणून गाणं आधी ‘लाँग टाइम पीपल डेम यूज टु से’ म्हणतं, म्हणजे ‘जुनी माणसं म्हणायची’, आणि मग म्हण टाकतं: ‘व्हाट स्वीट नॅनी गोट आ गो रन हिम बेली’. शेळीला जे गोड लागतं त्यानंच तिचं पोट वाहणार. दुसरी म्हण: ‘चिकन मेरी, हॉक डे नियर’. कोंबडीचं पिल्लू मजेत नाचतंय तेव्हा घार जवळच असते. अधिकार आजीचा, तोंड पोराचं. घार म्हणजे पोलीस, तुरुंग की समोरच्या टोळीचा सुरा, हे गाणं सांगत नाही. ज्याला ज्याची भीती, त्यानं ती जागा भरावी.

‘जुनी माणसं म्हणायची’ ही खूण मिळाली की काम सोपं होतं. पण ती फार वेळा मिळत नाही.

मार्लीच्या ‘हू द कॅप फिट’ या 1976 च्या गाण्यात म्हण अशी येते: ‘थ्रो मी कॉर्न, मी नो कॉल नो फाउल’. मी मक्याचे दाणे टाकले, कुठल्याही कोंबडीला हाक मारली नाही. म्हणजे मी कुणाचं नाव घेतलेलं नाही. जी धावत आली तिनं स्वतःच कबूल केलं की दाणे तिच्यासाठी होते. मराठीत ‘खाई त्याला खवखवे’ हिच्या सगळ्यात जवळ जातं. मार्ली लगेच पुढे कोंबड्यांना बोलावतात तसा कॉक-कॉक, क्लक-क्लक आवाज काढतो, आणि इथेच गंमत आहे. तोंडानं म्हणतो हाक मारली नाही, आणि त्याच दमात हाक मारतो. बोल छापताना हे आवाज निरर्थक समजून गाळले जातात. ते गाळले की अर्धी म्हण गेली. गाण्याचं शीर्षकही त्याच घराण्यातलं आहे: टोपी ज्याला बसेल त्यानं घालावी. खोटे मित्र हा गाण्याचा विषय असताना नाव घेणं कसं शोभलं असतं?

हे फेकणं स्काच्या काळात तर धंद्याचा भाग होतं. साउंड सिस्टिम, म्हणजे मोठे कर्णे लावून नाचासाठी तबकड्या वाजवण्याचा धंदा, चालवणाऱ्यांची आपापसात वैरं होती आणि ती तबकड्यांवरून लढली जात. गायक प्रिन्स बस्टर कॉक्सनचा गोट सोडून स्वतंत्र झाला, तेव्हा कॉक्सननं कोवळ्या वयाच्या डेलरॉय विल्सनकडून त्याच्यावर गाणी गाऊन घेतली. त्यातलं एक ‘स्पिट इन द स्काय’. आकाशाकडे थुंकलास तर ते तुझ्याच डोळ्यात पडेल. मराठी माणसाला ही म्हण समजावून सांगायची गरजच नाही, आपली आकाशावरची थुंकी आपल्याच तोंडावर पडते एवढाच फरक. लक्षात ठेवायची बाब ही की नेम माहीत नसेल तर हे गाणं शाळेतल्या सुविचारासारखं वाटतं. प्रत्यक्षात तो एका धंदेवाल्यानं दुसऱ्याला भर बाजारात मारलेला टोमणा आहे.

आता बादली. हे उदाहरण जरा सावकाश बघण्यासारखं आहे, कारण एकच म्हण दोन प्रसिद्ध गाण्यांत दोन वेगळी कामं करते. 1968 मध्ये इथिओपियन्स या गटानं ‘एव्हरीथिंग क्रॅश’ केलं. त्या वर्षी जमैकात संपांची रांग लागली होती, आणि गाणं ती यादीच वाचतं: आगीचे बंब, पाणीपुरवठा, टेलिफोन कंपनी, शेवटी पोलीससुद्धा. मग दोन म्हणी लागोपाठ. पहिली, सकाळी जे बिघडलं ते संध्याकाळी सुधारत नाही. दुसरी, रोज बादली विहिरीवर नेता, एक दिवस तिचा तळ गळून पडणारच. इथे बादली म्हणजे अख्खा देश, आणि म्हण झाली वर्तमानपत्राच्या अग्रलेखाचा निष्कर्ष. पाच वर्षांनी, 1973 मध्ये, वेलर्सच्या ‘आय शॉट द शेरीफ’च्या शेवटाकडे हीच बादली येते. आता बोलणारा एक पळणारा माणूस आहे. तळ कुणाचा गळाला? रोज छळणाऱ्या शेरीफचा, की रोज सहन करणाऱ्याच्या संयमाचा? गाणं दोन्ही दारं उघडी ठेवतं, आणि भाषांतर करणाऱ्यानंही ती बंद करू नयेत.

मराठीत इथे हमखास ‘पापाचा घडा भरला’ लिहिलं जातं. ते चुकीचं आहे. आपला घडा भरतो, त्यांची बादली झिजते. घड्यात पापपुण्याचा हिशेब असतो आणि तो ठेवणारा कुणीतरी वर बसलेला असतो. बादलीला कुणी शिक्षा करत नाही, वापरून वापरून तिचा पत्रा जातो. ‘एव्हरीथिंग क्रॅश’मध्ये पापाचा घडा घातला की संप करणारे पापी ठरतात किंवा सरकार तरी पापी ठरतं, आणि गाणं तर नुसतं म्हणतंय की हे असंच रेटत राहिलात तर मोडणार. तिथे सरळ ‘रोज रोज बादली विहिरीत, एक दिवस बूड सुटणार’ असंच ठेवावं. इंग्लिश गायक एरिक क्लॅप्टननं 1974 मध्ये ‘आय शॉट द शेरीफ’ गायलं आणि ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं, तेव्हा त्यानं ओळीचं व्याकरण प्रमाण इंग्रजीचं केलं. अर्थ राहिला, पण ही कुणाची म्हण आहे याची खूण पुसली गेली. म्हणून म्हणी शोधताना आधी जमैकन ध्वनिमुद्रण ऐकावं, दुसऱ्यांनी गायलेलं नंतर.

ओळखायची पद्धत सांगतो. आधी ओळ कानानं लिहून काढा, छापील बोल बघू नका. मग ती गाण्याबाहेर काढून एकटी उभी राहते का ते पाहा. ‘चिकन मेरी, हॉक डे नियर’ उभी राहते. तिच्या मागचीपुढची ओळ राहत नाही. पारंपरिक म्हण बहुधा दोन पायांची असते आणि मधला ‘जर-तर’ गळालेला असतो. क्रियापद काळात अडकत नाही. पात्रं अंगणातली: कोंबडी, शेळी, कुत्रा, डुक्कर, मांजर, माकड. एवढं जुळलं की जुना संग्रह उघडा. अँडरसन आणि कंडल यांचा जमैकन म्हणींचा संग्रह 1910 मध्ये आला, मार्था बेकविथचा 1925 मध्ये, आणि कॅसिडी व ल पाज यांचा जमैकन इंग्रजीचा कोश 1967 मध्ये. 1910 च्या पुस्तकात जी म्हण आहे ती 1963 च्या गायकानं रचलेली नाही, हे वेगळं सांगायला नको. तरी मार्लीच्या फोटोखाली त्याच्याच नावानं या म्हणी फिरत असतात. मात्र जुन्या संग्रहांतलं स्पेलिंग संग्राहकाच्या कानावर अवलंबून असतं, त्यामुळे पहिल्या शब्दावरून शोधू नका. प्राण्यावरून किंवा वस्तूवरून शोधा.

संग्रहात नाही सापडली तर बायबल बघा, आणि तेही किंग जेम्स आवृत्तीचं, म्हणजे जुनं इंग्रजी भाषांतर, कारण रास्ताफारी या जमैकन पंथाच्या गायकांच्या कानात तीच भाषा आहे. इथे सगळ्यात जास्त गल्लत होते. ‘बांधणाऱ्यांनी नाकारलेला दगडच कोनशिला झाला’ ही वेलर्सच्या ‘कॉर्नरस्टोन’मधली ओळ स्तोत्र 118 मधली आहे. ‘रनिंग अवे’ या 1978 च्या गाण्यातलं ‘भांडणाच्या घरात राहण्यापेक्षा धाब्यावर राहिलेलं बरं’ हे नीतिसूत्रांच्या 21 व्या अध्यायातलं. जमैकन गायक बुजू बँटनच्या 1997 च्या ‘डेस्टिनी’त श्रीमंताची संपत्ती आणि गरिबाचा नाश करणारं त्याचं दारिद्र्य येतं, ते नीतिसूत्रांच्या 10 व्या अध्यायातून. या ओळी म्हणीसारख्या वाजतात, जमैकन माणूस त्या म्हणीसारख्याच वापरतोही, पण त्यांचा उगम आणि वजन वेगळं. आजीची म्हण टोमणा मारते, बायबलची ओळ निकाल देते. तिसरा गट सरळ इंग्रजी म्हणींचा. ‘रॅट रेस’मध्ये मांजर घरात नसलं की उंदीर खेळतात, ते इंग्लंडातून जसंच्या तसं आलेलं आहे. वेलर्समधल्याच पीटर टॉशच्या ‘ग्लासहाउस’मधलं काचेचं घरही तसंच.

कधी दोन्ही एकाच गाण्यात विणलेलं असतं. वेलर्सचं ‘स्मॉल ॲक्स’ ऐका. ‘तू मोठं झाड असशील तर आम्ही छोटी कुऱ्हाड’ हे ‘छोटी कुऱ्हाड मोठं झाड पाडते’ या म्हणीला ‘तू’ आणि ‘आम्ही’ घालून केलेलं आहे. आणि ‘जो खड्डा खणेल तो त्यातच पडेल’ हे बायबल. म्हणीत सर्वनाम घातलं की ती आव्हान होते. एवढी एकच दुरुस्ती, पण सगळं गाणं तिच्यावर उभं आहे. जमैकन उच्चारात ‘ट्री’ आणि ‘थ्री’ सारखेच ऐकू येतात, त्यामुळे मोठं झाड म्हणजे तेव्हाच्या तीन बड्या रेकॉर्ड कंपन्या, असा अर्थ तिथे सर्रास सांगितला जातो. मराठी वाचकाला इथे वेगळाच खड्डा आहे: कुऱ्हाड आणि झाड म्हटलं की आपल्याला ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ आठवतं. त्या म्हणीत दोष घरभेद्याचा, या गाण्यात बळ लहानाचं. चुकूनही ती म्हण इथे आणू नका.

म्हणीचा एकच शब्द बदलून नेम साधण्याची युक्तीही आहे. जमैकात म्हणतात, ‘डपी नो हू फी फ्रायटन’, भुताला बरोबर कळतं घाबरवायचं कुणाला. वेलर्सच्या ‘स्क्रूफेस’मध्ये भुताच्या जागी स्क्रूफेस, म्हणजे वाकडतोंड्या, बसवला आहे. मूळ म्हण माहीत असलेल्यालाच त्यातला डिवचणारा सूर ऐकू येतो: तू भूत आहेस, पण मी घाबरणाऱ्यातला नाही.

आता शब्दांकडे. छापील बोलांत होणाऱ्या चुका ठरावीक आहेत. ‘क्रेव्हन चोक पपी’ हे वेलर्सचं गाणं. इंग्रजी कोशात ‘क्रेव्हन’ म्हणजे भित्रा, जमैकात हावरट. कुत्र्याच्या पिल्लाच्या घशात घास अडकतो तो हावरेपणानं. भित्रेपणा लिहिला की म्हणीचा काहीच अर्थ लागत नाही. मार्लीच्या ‘देम बेली फुल’ या 1974 च्या गाण्यात ‘रेन आ फॉल बट द डर्ट इट टफ’ असं छापलेलं असतं. मूळ म्हणीत ‘डटी’ आहे, आणि हा शब्द पश्चिम आफ्रिकेच्या ट्वी भाषेतल्या मातीवाचक शब्दातून आलेला आहे. घाणीशी त्याचा संबंध नाही. पाऊस पडतोय, पण जमीन टणक ती टणकच. चूल पेटली आहे, पण अन्न पुरत नाही. जमैकन कवयित्री लुईझ बेनेटनं याच म्हणीवर कविता केली होती आणि ती 1966 च्या ‘जमैका लेब्रिश’ संग्रहात आहे, म्हणजे गाण्याच्या कितीतरी आधीची. ढेकूळ फुटत नाही अशी जमीन मराठी वाचकानं पाहिलेली असते, तेव्हा इथे सजावट नको, सरळ लिहावं.

‘हिम’ दिसला की ‘तो’ लिहू नका. नॅनी गोट ही शेळी, तरी तिला ‘हिम’च लागतं, बोलीत हे सर्वनाम लिंग पाहत नाही. ‘मी नो कॉल नो फाउल’मधले दोन नकार मिळून होकार होत नाही, जोर वाढतो. ‘आ गो’ म्हणजे ‘होणार आहे’, कुठे जाणं नव्हे. ‘डे’ म्हणजे ‘आहे, तिथे आहे’. आणि ‘वन वन कोको फुल बास्केट’मधला कोको नारळही नाही आणि चॉकलेटचा कोकोही नाही, तो अळकुडीच्या जातीचा कंद आहे. एकेक करत टोपली भरते. म्हणजे आपलं थेंबे थेंबे तळे साचे.

मराठी प्रतिम्हण वापरायची की शब्दशः ठेवायचं? माझा कल शब्दशःकडे, पण काही ठिकाणी हट्ट करू नये. ‘हू फील्स इट नोज इट’ हे वेलर्सनी 1966 मध्ये स्वतंत्र गाणं म्हणून केलं आणि पुढे ‘रनिंग अवे’मध्येही ते आलं. याला ‘ज्याचं जळतं त्याला कळतं’ सोडून दुसरं काही लिहिणं म्हणजे उगाच कष्ट. पीटर टॉशनं ‘मागा डॉग’ (मरतुकडा कुत्रा) आधी वेलर्सबरोबर स्कात गायलं, 1971 मध्ये निर्माता जो गिब्ज याच्यासाठी केलं आणि 1983 च्या ‘मामा आफ्रिका’त पुन्हा घेतलं. त्यातलं तव्यातून उडून आगीत पडणं सरळ ‘आगीतून फुफाट्यात’ होतं. पण खुद्द मरतुकडा कुत्रा, ज्याची कीव केली तर तोच उलटून चावतो, त्याला ‘सापाला दूध पाजलं’ म्हणू नये. साप पहिल्यापासून विषारी असतो. कुत्रा आधी केविलवाणा असतो, आणि टॉशचा राग तिथेच आहे.

प्रिन्स बस्टरनं ‘टाइम लाँगर दॅन रोप’ या म्हणीचं गाणं केलं. काळ दोरापेक्षा लांब. दोर दाव्याचा, फासाचा की चाबकाचा, म्हण सांगत नाही. गुलामगिरीतून आलेल्या समाजात ते विचारावंही लागत नाही. ‘चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे’ अर्थानं जवळ आहे, पण ते घरात घडतं आणि त्यात दोर नाही. इथे शब्दशः ठेवून एक टीप द्यावी. जस्टिन हाइन्ड्स अँड द डॉमिनोज यांच्या ‘द हायर द मंकी क्लाइम्ब्स’लाही तेच. माकड जितकं वर चढेल तितकं त्याचं बूड उघडं पडतं. गायक बूड म्हणत नाही, आपणही म्हणू नये, ऐकणारा म्हणतो. हाइन्ड्सच्या गाण्यांत अशा म्हणी पावलोपावली आहेत. त्याचं ‘कॅरी गो ब्रिंग कम’ हे स्कातलं गाजलेलं गाणं म्हणजे तर इकडचं तिकडे करणाऱ्या चुगलखोरांवरचाच वार. नुसतं म्हणींसाठी ऐकायचं असेल तर मार्लीच्या आधी त्याला ऐकावं, असं माझं मत.

मराठी बोल गाण्यात बसवायचे असतील तर अक्षरं मोजा, पण बोलताना पडतात तशी. ‘चिकन मेरी, हॉक डे नियर’ यात सात पडतात. ‘पिल्लू नाचे, घार जवळ’ यातही सात, आणि ‘हॉक’च्या जागी ‘घार’ येते. ‘घार जवळ असताना पिल्लू नाचतं’ हे मराठी म्हणून सरळ आहे, पण घार आधीच दिसून गेली. म्हणीतला दचका संपला. ‘हू फील्स इट नोज इट’ पाच अक्षरांत संपतं, ‘ज्याचं जळतं त्याला कळतं’ला आठ लागतात. रेगेच्या संथ चालीत ती तीन जास्तीची अक्षरं खपतात, स्काच्या वेगात धाप लागते. रेगेच्या ‘वन ड्रॉप’ तालात पहिल्या ठोक्यावर बास ड्रम पडत नाही, ती जागा रिकामी असते. म्हणीचा महत्त्वाचा शब्द त्या रिकाम्या जागेवर टाकला तर तो लटकतो. ड्रम पडतो तिथे न्यावा. दोन पायांच्या मधे श्वासाएवढी फट ठेवा आणि ती भरायचा मोह आवरा. मूळ गाण्यांत तिथे साथीचे गायक किंवा ब्रास (ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं) उत्तर देतात. म्हणीचा दुसरा पाय जमलेल्या लोकांना आधीच माहीत असतो आणि बऱ्याचदा तेच तो गातात.